सिलिंडरमध्ये हवा असताना डायव्हर बुडतो कसा? अंदमानला निघालेल्या भाचीसाठी विचारते आहे

धरमपेठची मावशी

नमस्कार. आम्ही नागपूरकर समुद्रापासून इतके दूर राहतो की पाण्याखालच्या धोक्यांविषयी कोणाला विचारावे हेच कळत नाही. म्हणून ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे अशा वाचकांपुढे हा प्रश्न मांडते आहे.

माझ्या भाचीचे नुकतेच लग्न झाले असून ती आणि आमचे जावई डिसेंबरात अंदमानातील स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार आहेत. जावयांना या छंदाची ओढ लग्नाआधीपासूनची आहे आणि त्यांनी ओपन वॉटर या पहिल्या पायरीनंतरचा ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. भाचीने मागच्या वर्षी गोव्यात ओपन वॉटरचे प्रमाणपत्र मिळवले, परंतु त्यानंतर ती पाण्याखाली गेलेली नाही. उत्तर अंबाझरी मार्गावरच्या तरण तलावात ती शाळेपासून पोहत आली आहे, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त आहेत. ‘तिला उत्तम पोहता येते आणि जावई सोबत आहेत’ या दोन वाक्यांपुढे कोणाचा विचार जात नाही.

माझी झोप उडाली ती एका जुन्या घटनेविषयी वाचल्यामुळे. २००३ साली ऑस्ट्रेलियात मधुचंद्रासाठी गेलेल्या एका अमेरिकन नवविवाहितेचा ‘योंगाला’ या बुडालेल्या जहाजापाशी डायव्ह करताना मृत्यू झाला. नंतर तपासणी केली तेव्हा तिच्या उपकरणांत दोष आढळला नाही आणि सिलिंडरमध्ये हवाही होती. तिचा नवरा सोबत होता आणि त्याने बचावाचे प्रशिक्षणही घेतलेले होते. तिच्या अननुभवाविषयी आणि घबराटीविषयी त्या लेखात पुष्कळ लिहिले होते, पण हवा शिल्लक असताना केवळ घाबरल्याने माणसाचा जीव कसा जातो, हे मला उमगले नाही. भाचीला घाबरवून सोडायचे नाही. तिच्याशी बोलताना मला नेमके काय म्हणायचे आहे, ते आधी मलाच समजून घ्यायचे आहे.

निळाई

मावशी, मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला आणि आता मालवणच्या बाजूला डायव्हिंग शिकवतो. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘त्यानंतर ती पाण्याखाली गेलेली नाही’ हे आहे, पोहण्याचे नव्हे. ओपन वॉटर प्रमाणपत्राचा अर्थ असा की त्या व्यक्तीने मूलभूत कौशल्ये प्रशिक्षकासमोर करून दाखवली आहेत. ती कौशल्ये न वापरता वर्ष गेले, तर त्यांची आठवण डोक्यात राहते, पण हात ती आपणहून करीत नाहीत. संकटाच्या क्षणी उपयोगी पडते ते हातांना जे आपणहून जमते तेवढेच.

आता हवा असताना जीव कसा जातो, ते सांगतो. सुरुवात जवळजवळ नेहमी अगदी किरकोळ गोष्टीने होते. मास्कमध्ये थोडे पाणी शिरते, कान दुखतो, प्रवाहाविरुद्ध पाय मारून दम लागतो, किंवा साथीदार क्षणभर दिसेनासा होतो. अनुभवी माणूस थांबतो, दोन लांब श्वास सोडतो आणि मास्क साफ करतो. नवशिक्याचा श्वास मात्र जलद आणि उथळ होतो, आणि सगळा घात त्या उथळपणात आहे. उथळ श्वासात आत घेतलेल्या हवेचा मोठा भाग श्वासनलिकेत आणि रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधील हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाच्या, पोकळीतच ये-जा करतो, फुप्फुसांच्या तळापर्यंत ताजी हवा पुरेशी पोहोचत नाही आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. श्वास घेण्याची तीव्र निकड शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जाणवते. त्यामुळे तोंडात चालू रेग्युलेटर असूनही त्या माणसाला आपण गुदमरत असल्याची खात्री वाटू लागते. रेग्युलेटर हवा देत नाही, असा निष्कर्ष तो काढतो आणि पुष्कळदा तोंडातून तो उपटून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेडेपणाचे वाटेल, पण आतून ते त्या क्षणी पूर्ण तर्कशुद्ध असते.

हवेचा हिशेबही पाहा. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा पृष्ठभागाच्या मापाने सुमारे २,४०० लिटर होते. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वापरतो असे धरू. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, म्हणून पृष्ठभागावरचा एक धरून २० मीटरवर त्याच श्वासाला तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर हवा लागते आणि पूर्ण सिलिंडर ४० मिनिटे पुरतो. घबराटीने श्वसन तिप्पट झाले की तोच सिलिंडर जेमतेम १३ मिनिटांत संपतो. प्रत्यक्षात ५० बार राखीव ठेवायचे असतात, त्यामुळे हाताशी असलेला वेळ याहून कमी. अर्थात अनेकांच्या बाबतीत हवा संपण्याची वेळच येत नाही, कारण त्याआधीच रेग्युलेटर तोंडातून निघालेला असतो.

वजनाचा प्रश्न याहून कमी बोलला जातो आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. घाबरलेला नवशिक्या छाती भरून श्वास धरतो, त्यामुळे पृष्ठभागावरून खाली जातच नाही. मग बोटीवरचा घाईत असलेला माणूस त्याच्या कमरेच्या वजनाच्या पट्ट्यात आणखी शिसे घालतो. खाली गेल्यावर पोशाखातील आणि तरंगणे सांभाळण्यासाठी घातलेल्या हवेच्या जाकिटातील हवा दाबाने आक्रसते, तरंगण्याची शक्ती घटते आणि जास्तीचे शिसे त्याला वेगाने तळाकडे ओढू लागते. अशा वेळी जाकिटात हवा भरणे किंवा वजनाचा पट्टा सोडून देणे हे काही सेकंदांचे काम आहे. तरीही बुडालेल्या डायव्हरांचे मृतदेह पुष्कळदा वजनाच्या पट्ट्यासकट सापडतात. ‘पट्टा सोड’ हा विचार त्या गोंधळात सुचतच नाही, कारण त्याचा सराव क्वचितच झालेला असतो.

आणि घबराट म्हणजे हातपाय झाडणे, अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे. डोळे विस्फारलेले, बुडबुडे न थांबता निघणारे, शरीर उभे आणि पाय सायकल चालवल्यासारखे, हात मास्ककडे जाणारे, हा तिचा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात माणूस थिजून जातो, टक लावून पाहत राहतो, खुणेला उत्तर देत नाही आणि अलगद खाली जाऊ लागतो. हा दुसरा प्रकार साथीदाराला ओळखता येत नाही. तो शांत दिसतो म्हणून दुर्लक्षिला जातो, आणि लक्षात येईपर्यंत दोघांमध्ये कित्येक मीटरचे अंतर पडलेले असते.

तरण तलाव

मी नागपुरात पोहणे शिकवते. चांगल्या पोहणाऱ्याला पाण्याची भीती नसते, हे खरे आहे आणि ते निश्चितच उपयोगी आहे. मात्र पोहण्यात अंगवळणी पडलेल्या दोन सवयी स्कूबामध्ये घातक ठरू शकतात, याकडे मावशींचे लक्ष वेधावेसे वाटते. डोके पाण्याखाली असताना आम्ही श्वास धरायला शिकवतो, आणि अडचण आली की पोहणारा थेट वर झेपावतो. तरण तलावात तोंडाने घेतलेली हवा बाहेरची असते, त्यामुळे श्वास धरून वर येण्यात काही बिघडत नाही. स्कूबामध्ये खोलीवरच्या दाबाची हवा फुप्फुसांत भरलेली असते. दहा मीटरवरून श्वास धरून कोणी पृष्ठभागाकडे निघाले, तर ती हवा दुप्पट जागा मागते. म्हणूनच ‘श्वास कधीही धरू नका’ हा तेथील पहिला नियम आहे आणि तो मुरलेल्या पोहणाऱ्याच्या सवयीच्या बरोबर उलट आहे. भाचीने वर्षानुवर्षे जे केले, तेच तिचे शरीर गोंधळाच्या क्षणी करू पाहील.

धंतोलीकर डॉक्टर

वरील दोन्ही प्रतिसादांतील शरीरशास्त्र बरोबर आहे. त्यात वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून वायुकोश फाटले, तर हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल असावे लागत नाही. तरण तलावाइतक्या खोलीवरून श्वास धरून वर आल्यानेही अशी इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेशी संबंधित संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ डायव्हिंग-मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला होता. ज्या मृत्यूंत घटनेची सुरुवात कशाने झाली हे कळू शकले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत हवा अपुरी पडणे हे निमित्त होते आणि उपकरणांतील अडचण केवळ १५ टक्क्यांत होती. ज्यामुळे प्रसंग प्राणघातक बनला त्या कृतींत सर्वांत वरचे स्थान घाईघाईने वर येण्याचे, म्हणजे ५५ टक्के. आपले सगळ्यांचे लक्ष उपकरणांच्या दर्जाकडे असते, आणि ते असावेही, परंतु हे आकडे माणसाच्या वागण्याकडे बोट दाखवतात.

नाकात अचानक पाणी शिरले की माणूस प्रतिक्षिप्तपणे हबकून श्वास आत ओढतो. रेग्युलेटर जागेवर नसेल, तर त्या एका श्वासात पाणी स्वरयंत्रापर्यंत जाते, स्वरयंत्र आवळले जाते आणि मग रेग्युलेटर पुन्हा तोंडात घातला तरी हवा आत जाणे कठीण होते. हवा शिल्लक असताना बुडणे शक्य होते ते असे.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगायच्या आहेत. पहिली ही की घबराट हे दुबळ्या मनाचे लक्षण मानू नका. विस्कॉन्सिन विद्यापीठातील विल्यम मॉर्गन यांच्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक डायव्हरांनी पाण्याखाली किमान एकदा घबराट अनुभवल्याचे सांगितले होते, आणि त्यांत अनुभवी मंडळीही होती. ‘मी घाबरणारी नाही’ असे म्हणणाऱ्या तरुण मुलीला हे अवश्य सांगावे, म्हणजे लक्षणे जाणवल्यावर ती लपवण्याचा मोह होणार नाही. दुसरी गोष्ट आरोग्याच्या प्रश्नावलीची. दमा, हृदयाचे विकार, फिट, फुप्फुसाची जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल, तर सहल रद्द होईल या भीतीने ‘नाही’वर खूण करू नये. पाण्यात शरीर बुडाल्याने छातीकडे येणारे रक्त वाढते आणि हृदयावरचा भार वाढतो. काही वेळा फुप्फुसांत पाणी साचून खरोखरच श्वास कोंडतो, आणि सोबतच्यांना ती केवळ घबराट वाटते. तरुणांतही हे घडते, म्हणून ‘मला श्वास लागतोय’ या तक्रारीला ‘घाबरू नकोस’ हे उत्तर कधीच पुरेसे नसते. डायव्ह तिथेच संपवायचा.

धरमपेठची मावशी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. भाचीशी काल बोलले. तिला दमा किंवा अन्य विकार नाही. मात्र ती म्हणाली की वाटाड्या घेण्याची गरज नाही, कारण ‘हे’ ॲडव्हान्स्ड आहेत आणि जॉनीज गॉर्ज नावाच्या ठिकाणाविषयी त्यांनी बरेच वाचले आहे. जावयांच्या काळजीविषयी मला शंका नाही. त्यांच्यावर ही जबाबदारी टाकणे योग्य आहे का, एवढेच कोणी स्पष्ट सांगावे.

खंडपीठ परिसर

मी वकिली करते आणि योंगालाच्या प्रकरणाची कागदपत्रे व त्यावरील चर्चा पूर्वी वाचलेली आहे. मावशींच्या या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे असे मला वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने मांडते.

योंगाला हे प्रवासी जहाज मार्च १९११ मध्ये क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात बुडाले. आज ते साधारण १५ ते ३० मीटर खोलीवर पडलेले असून तेथे प्रवाह जोरदार असतो. २२ ऑक्टोबर २००३ रोजी तेथे मरण पावलेल्या त्या तरुणीचे प्रशिक्षण अलाबामातील पाणी भरलेल्या खाणीत, म्हणजे प्रवाह नसलेल्या पाण्यात, झाले होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, पण डायव्हिंगच्या अर्जावर तसा काही त्रास नसल्याचे नोंदवले गेले. कंपनीने आधी मार्गदर्शकासह ओळखीचा डायव्ह करण्याची सोय देऊ केली होती आणि पतिपत्नींनी ती नाकारली. पतीच्या सांगण्यानुसार ती अडचणीत आल्यावर त्याने तिला वर जाण्याच्या दोराकडे ओढण्याचा प्रयत्न केला, झटापटीत त्याचा मास्क निसटला, तो नीट करेपर्यंत ती खाली जाऊ लागली होती आणि तो मदतीसाठी वर गेला. एका प्रशिक्षकाने तिला तळावरून वर आणले, पण ती वाचली नाही.

पुढे सरकारी पक्षाने पतीवर खुनाचा आरोप ठेवला. २००९ मध्ये त्याने सदोष मनुष्यवधाची कबुली दिली, तीही साथीदार डायव्हर म्हणून असलेले कर्तव्य पार न पाडल्याच्या आधारावर, आणि अपिलात त्याची प्रत्यक्ष कैद १२ महिन्यांवरून १८ महिने झाली. २०१२ मध्ये अलाबामात खुनाचा खटला चालला, तेव्हा न्यायाधीशांनी पुराव्याअभावी त्याची निर्दोष मुक्तता केली. मला या सगळ्यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. एवढे प्रशिक्षण असलेल्या पतीने तिला वर आणायलाच हवे होते, असे सांगणाऱ्या एका डायव्हिंग-तज्ज्ञाला दोघांच्या डायव्हच्या नोंदवह्या आणि वैद्यकीय कागद नंतर पाहायला मिळाले, तेव्हा त्याने आपले बरेचसे मत मागे घेतले. त्या दोघांना तेथे पाण्यात उतरू द्यायलाच नको होते, असे त्याचे नंतरचे म्हणणे होते. पतीकडे बचावाचे प्रमाणपत्र होते, पण खुल्या समुद्रातील प्रवाहात घाबरलेल्या माणसाला सावरण्याचा अनुभव नव्हता. जावयांविषयी हाच प्रश्न विचारावा. प्रेम आणि प्रमाणपत्र दोन्ही असूनही ते ओझे एका माणसाला पेलेलच, असे धरून चालता येत नाही. शिवाय काही विपरीत घडले, तर ‘तू तिच्यासोबत होतास’ हे वाक्य त्याला आयुष्यभर ऐकावे लागते, न्यायालयात आणि घरातही.

निळाई

वकीलताईंनी जे लिहिले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, त्यामुळे आता केवळ व्यवहाराचे सांगतो.

ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. जॉनीज गॉर्जसारखी ठिकाणे त्याहून खोल जातात आणि तेथे प्रवाहही असू शकतो, म्हणून भाचीसाठी ती जागा या सहलीत बाजूला ठेवावी. वाद घालण्याची गरजच नाही, तिच्या प्रमाणपत्राची मर्यादाच तशी आहे. स्वराज द्वीपच्या किनाऱ्यालगत नेमो रीफसारखी उथळ जागा आहे, तेथे पहिल्या दिवशी प्रशिक्षकासोबत उजळणीचा डायव्ह करावा आणि जावयांनीही त्यात उतरावे. त्या उजळणीत केवळ मासे पाहून परतू नये. मास्क पूर्ण काढून पुन्हा घालणे, सुटलेला रेग्युलेटर शोधून तोंडात घेणे, साथीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणे आणि वजनाचा पट्टा सोडणे हे सगळे तिला विचार न करता जमेपर्यंत करून घ्यावे. वजनाची तपासणी पृष्ठभागावरच होते: जाकिटातील हवा सोडून, साधा श्वास धरून उभे राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडल्यावर अलगद खाली जाता यावे. त्याहून अधिक शिसे कोणी घालू लागले, तर तिने ठामपणे नको म्हणावे.

केंद्राला फोन कराल तेव्हा एका मार्गदर्शकासोबत किती जण असतात, बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का आणि जवळचे रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रक्तातील बुडबुड्यांवर उपचार करणारी दाबाची खोली, कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. चांगले केंद्र या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट मोकळेपणाने सांगते. या दोघांपुरता वेगळा मार्गदर्शक मागा. त्याचा खर्च येईल, पण लग्नातल्या आहेराचे पैसे याहून चांगल्या कामी लागणार नाहीत. जावयांना हे कमीपणाचे वाटू नये म्हणून असे सांगा की मार्गदर्शक असला तर त्यांनाही आपला डायव्ह निवांत अनुभवता येईल.

आणि बोटीवर चढण्याआधी दोघांनी आपसात एक गोष्ट ठरवून ठेवावी. अंगठा वर करण्याची खूण म्हणजे डायव्ह संपला. ती कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता करू शकतो, आणि दुसऱ्याने तिचे कारण पाण्याखाली विचारायचे नाही, बोटीवरही रागावून विचारायचे नाही. खूण झाली की दोघांनी मिळून, श्वास न धरता नेहमीसारखा घेत-सोडत, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जलद नाही अशा गतीने वर यायचे. भाचीने पहिल्याच दिवशी उथळ पाण्यात ही खूण एकदा मुद्दाम करून पाहावी, काही अडचण नसतानाही.